आधी हात, मग अक्षर : बालवाडीतलं शिकणं कसं घडतं

बालवाडीच्या दारात पालक हमखास एक प्रश्न विचारतात : "आज काय शिकवलं?" खानदेशातल्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावात या प्रश्नाला जरा जास्तच धार असते. शेजारचं साडेतीन वर्षांचं मूल ए-बी-सी-डी घडाघडा म्हणून दाखवतं, आणि आपलं पोरगं अजून चिंचोकेच मोजतंय, ही काळजी खोटी नसते.

ज्या बालवाडीत मूल स्वतः काम निवडतं आणि हातानं करून शिकतं, तिथे या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. तिथे ताई फळ्यापुढे उभ्या नसतात, मुलं रांगेत बसलेली नसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरं नुसती खेळताहेत. पण त्या खेळामागे मोठ्या माणसाची बरीच तयारी असते. ती तयारी कोणत्या क्रमानं करायची आणि ती कुठे फसते, हे इथे एकेक पायरी घेऊन बघू. आपण अंगणवाडी सेविका असाल, बालवाडी चालवत असाल किंवा घरात तीन ते सहा वर्षांचं मूल असेल, तरी पायऱ्या त्याच आहेत.

ही पद्धत आली कुठून

मारिया माँटेसरी मूळच्या डॉक्टर. जानेवारी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी एक घर उघडलं. मूल आपण निवडलेल्या कामात बराच वेळ गुंगून जातं, तेच काम पुन्हा पुन्हा करतं आणि त्यानंतर शांत, समाधानी दिसतं, हे त्यांनी तिथे टिपलं. पुढे १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या.

त्याआधीच १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केलं होतं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंपुढे एक अडचण होती. माँटेसरी पद्धतीचं साहित्य महाग, आणि बालमंदिरं शहरातल्या खात्यापित्या घरांसाठी. खेड्यातल्या मुलाचं काय?

१९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. पुण्याच्या शाळेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

म्हणजे आज भडगाव तालुक्यात जी अंगणवाडी भरते, तिच्या नावातच ही सगळी खटपट आहे. खिचडी आणि लसीकरण तिथे नीट पोचलं. हातानं शिकण्याचा भाग मात्र बऱ्याच ठिकाणी मागे पडला. तो परत आणायला फार पैसे लागत नाहीत, क्रम पाळावा लागतो.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं बघावं

सुरुवात साहित्यापासून करू नये, मुलापासून करावी. रोज एक मूल निवडावं आणि दहा मिनिटं त्याच्याकडे लांबून बघावं. ते काय करतं तेवढंच वहीत लिहावं.

इथे पहिली चूक होते. आपण जे दिसलं ते लिहीत नाही, आपलं मत लिहितो. "हट्टी आहे", "लक्ष देत नाही" ही मतं झाली. "डब्याचं झाकण सात वेळा लावलं आणि काढलं", "दुसऱ्याच्या हातातली वाटी ओढली, मिळाली तसं पाणी ओतून बघितलं" ही निरीक्षणं झाली. पहिल्या प्रकारच्या नोंदीतून पुढे काही सुचत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीतून लगेच सुचतं : या मुलाला झाकणांचे आणखी डबे द्यावेत, त्या मुलाला ओतण्याचं काम द्यावं.

ठरावीक काळात मुलाला ठरावीक गोष्टीची अनावर ओढ लागते. कधी क्रमाची, कधी बारीक वस्तूंची, कधी शब्दांची. माँटेसरी या काळाला संवेदनशील काळ म्हणत. कोणत्या मुलाचा कोणता काळ चालू आहे, हे पुस्तक सांगत नाही. ते या वहीतच सापडतं.

दुसरी पायरी : जागा मुलाच्या मापाची करावी

आता खोलीत गुडघ्यावर बसून एकदा नजर फिरवावी. तीन फुटांच्या माणसाला तिथून काय दिसतं? बहुतेक ठिकाणी टेबलाचे पाय, मोठ्यांचे गुडघे आणि भिंतीवर पार वर चिकटवलेली चित्रं.

मुलाच्या छातीपर्यंत येईल अशी एक उघडी फळी हवी. विटांवर ठेवलेली लाकडी फळीही चालते. प्रत्येक काम एका ताटलीत किंवा टोपलीत, आणि त्याची जागा ठरलेली. बसायला लहान चटया किंवा गोणपाटाचे तुकडे : एक चटई, एक मूल, एक काम. चटईनं कामाला हद्द मिळते आणि दुसऱ्याला कळतं की इथे पाय टाकायचा नाही. हात धुण्याचं पाणी, पुसायचं फडकं आणि लहान केरसुणी मुलाच्या हाताला येईल अशी असावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या बराच वर जातो, म्हणून काम सकाळी लवकर आणि सावलीत. पत्र्याच्या खोलीपेक्षा लिंबाखालचा ओटा बरा.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, खेळणी कपाटात कुलपाखाली जातात. "पोरं मोडतात" म्हणून, किंवा साहेब आले की दाखवायला हवीत म्हणून. हाताला न येणारं साहित्य नसल्यासारखंच. दोन, उत्साहाच्या भरात सगळंच एकदम बाहेर मांडलं जातं. तीस वस्तू समोर असल्या की मूल एकीला हात लावतं, टाकून देतं, दुसरीकडे वळतं. सुरुवातीला सहा-सात कामं पुरेत. जे काम आठवडाभर कुणी उचललं नाही ते आत ठेवावं आणि दुसरं काढावं.

तिसरी पायरी : साहित्य जमवावं, पण निवडून

चांगल्या साहित्यात दोन गुण बघावेत. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माँटेसरींच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, सर्वांत लहान १ सेंटिमीटरचा आणि सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा. रंग एकच, लाकूड एकच, बदलतं ते फक्त माप. म्हणून मुलाचं लक्ष मापावरच राहतं. रंगीबेरंगी, गाणं म्हणणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यात मुलानं नेमकं कशाकडे बघावं?

दुसरा गुण, चूक साहित्यानंच दाखवावी. चार डबे आणि चार झाकणं घेतली, तर एक झाकण चुकीच्या डब्यावर लागलं की शेवटचं बसतच नाही. कुणी "चुकलं" म्हणायची गरज राहत नाही. मूल थांबतं, बघतं, पुन्हा लावतं. याला चुकीचं आपोआप नियंत्रण म्हणतात. या पद्धतीचा कणा हाच.

खानदेशात असं साहित्य घरोघरी पडलेलं असतं. दादर ज्वारीचे दाणे, तुरीचे दाणे, चिंचोके, केळीच्या पानांच्या पट्ट्या, कापूस, बांबूच्या कामट्या, गिरणा नदीतले गुळगुळीत गोटे, सुताराकडचे ठोकळ्यांचे तुकडे. गोटे लहान-मोठ्या क्रमानं लावता येतात. कापूस, गोणपाट, जुनी रेशमी साडी आणि पॉलिश पेपर यांच्या जोड्या डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानं लावता येतात.

पण इथे सावध राहावं लागतं. पेरणीच्या पाकिटातली रंग लावलेली सरकी कधीही वापरू नये, तिला विषारी औषध चोळलेलं असतं. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी मुलांच्या हाती देऊ नये. गुंजेचा लाल-काळा दाणा दिसायला देखणा, पण विषारी. एरंडी, धोतऱ्याचं बी आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी ही तशीच. तीन वर्षांखालचं मूल दाणे तोंडात घालतं. त्याहून मोठी मुलंही ते नाकात, कानात घालून बघतात. म्हणून बारीक वस्तूंचं काम मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच, आणि दाणे मोजूनच द्यावेत : दहा दिले, दहा परत आले.

चौथी पायरी : घरकामापासून सुरुवात करावी

नवीन मुलाच्या हातात पहिल्या दिवशी अक्षर देऊ नये. त्यानं घरात पाहिलेलं काम द्यावं. याला जीवनव्यवहाराची कामं म्हणतात : ओतणं, गाळणं, निवडणं, सोलणं, घडी घालणं, पुसणं, बटण लावणं.

यांचाही क्रम आहे. आधी कोरडं, मग ओलं. आधी मूठ, मग चमचा, मग चिमूट. पहिल्या आठवड्यात एका वाटीतून दुसऱ्या वाटीत तुरीचे दाणे ओतावेत. ते जमलं की लहान तांब्यातून पाणी. मग चमच्यानं दाणे, आणि शेवटी चिमटीनं एकेक दाणा.

घरीही हे सहज होतं. कळण्याच्या भाकरीचं पीठ आई मळत असेल, तर मुलाला लिंबाएवढा गोळा मिळावा. वाटाण्याच्या शेंगा सोलून मिळतात. भरिताचं वांगं भाजून निवलं की त्याचं साल काढायला मूल तयारच असतं. जाळ आणि विळी मात्र मोठ्यांकडेच.

या कामांनी घर चालायला मदत होवो न होवो, हात तयार होतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी छोटी हाडं अजून धरलेली नसतात, काही तर पुढे कितीतरी वर्षांनी पक्की होतात. पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची जी पकड लागते, ती चिमटीनं दाणे उचलताना घडते. चार वर्षांच्या मुलाकडून पानभर 'अ' गिरवून घेतला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, बोटं दुखतात आणि पुढे लिहिण्याचाच कंटाळा येतो. दाणे निवडणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे, ही लिहिण्याचीच पहिली तयारी आहे.

सांडेल, हे धरूनच चालावं. पाणी थोडंच द्यावं, फडकं शेजारीच ठेवावं. पुसणं हा शिक्षेचा नाही, कामाचाच भाग आहे. भरलेली बादली मात्र लहान मुलाजवळ कधीही सोडू नये.

पाचवी पायरी : हळू दाखवावं, कमी बोलावं

नवीन काम मुलाला एकदा करून दाखवावं लागतं. शेजारी बसावं. बोलणं आणि हात एकाच वेळी चालवू नयेत, कारण मूल तोंडाकडे बघेल की हाताकडे? "मी करते, तू बघ" एवढं म्हणून गप्प व्हावं. मग आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा खूप हळू, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक हालचाल सुटी करून दाखवावी. तांब्या उचलला. थांबलो. काठ वाटीवर आणला. थांबलो. ओतलं. शेवटचा थेंब पडू दिला. तांब्या खाली ठेवला.

नाव शिकवायचं असेल तर तीन टप्पे आहेत. आधी सांगणं : "हे खरखरीत. हे गुळगुळीत." मग ओळखणं : "खरखरीत मला दे." शेवटी आठवणं : "हे कसं आहे?"

घाई इथेच होते. आपण पहिला टप्पा झाला की लगेच तिसऱ्यावर उडी मारतो आणि मूल गप्प राहतं. मधला टप्पाच सर्वांत लांब हवा, खेळत खेळत : खरखरीत दारात ठेव, गुळगुळीत डोक्यावर ठेव. मूल चुकलं तर "नाही, नाही" म्हणू नये. साहित्य आवरावं आणि उद्या पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करावं.

सहावी पायरी : मग बाजूला व्हावं

ही पायरी सर्वांत अवघड, कारण इथे आपण काहीच करायचं नसतं. काम मुलानं निवडायचं, किती वेळ करायचं ते मुलानं ठरवायचं, किती वेळा करायचं तेही मुलानंच.

माँटेसरी शाळेत अखंड कामासाठी तीन तास ठेवतात. अंगणवाडीत सेविकेला आहार, वजनं आणि नोंदी सांभाळायच्या असतात. म्हणून आहाराच्या आधीचा एक तास राखून ठेवावा. त्या तासात गाणं नाही, हजेरी नाही, सगळ्यांना एकदम बोलावणं नाही. मदतनीस ताईंनाही हे आधी सांगून ठेवावं.

मोकळीक म्हणजे धुडगूस, असा एक समज आहे. तसं नाही. तीन नियम पक्के असावेत : स्वतःला आणि दुसऱ्याला लागेल असं करायचं नाही, वस्तू मोडायची नाही, काम झालं की जागेवर ठेवायचं. प्रत्येक काम एकच असतं, म्हणून दुसऱ्याला हवं असेल तर थांबावं लागतं. वाट बघणं हेही मूल इथेच शिकतं.

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असली तर उत्तम. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत असतात, त्याला अडचण मानू नये. पाच वर्षांची ताई तीन वर्षांच्या भावाला बटण लावून दाखवते, तेव्हा दोघंही शिकतात.

आता चुका. पहिली, मूल रंगात आलेलं असताना "शाबास!" म्हणणं. मूल मान वर करतं, आपल्याकडे बघतं आणि काम तुटतं. काही दिवसांनी ते कामासाठी नव्हे, शाबासकीसाठी काम करू लागतं. काम संपल्यावर जे दिसलं तेच सांगावं : "सगळे दाणे वाटीत गेले. खाली एकही नाही." दुसरी, मदतीची घाई. मूल बटणाशी झगडतंय म्हणून आपला हात पुढे जातो. त्यानं मागितल्याशिवाय हात मागेच ठेवावा. तिसरी, पहिल्या महिन्यात काही मुलं नुसती फिरतात, म्हणून "ही पद्धत आपल्याकडे चालत नाही" असा निकाल देणं. आजवर प्रत्येक गोष्ट सांगून करायची सवय असलेल्या मुलाला निवडायला वेळ लागतो. अशा मुलापुढे दोनच कामं धरावीत : "हे की हे?"

सातवी पायरी : मुलाच्या भाषेत बोलावं

भडगाव परिसरात पुष्कळ मुलं घरी अहिराणी बोलतात. काही भिल्ल कुटुंबांत आणखी वेगळी बोली असते. असं मूल बालवाडीत आलं आणि "हाई काय शे?" म्हणालं, तर ते बरोबरच बोलतंय. त्याला हसू नये, आणि "असं नाही, नीट बोल" असंही म्हणू नये. एकदा टोकलं की पुढचे कित्येक महिने मूल तोंड उघडत नाही. मग आपणच म्हणतो, बुजरं आहे.

अहिराणीत 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. हे बोबडेपण नव्हे, भाषेचा नियम आहे. ताईंनी आधी मुलाचा शब्द उचलावा आणि मग शेजारी आपला ठेवावा : "हा, डोया. डोळा." एवढं पुरतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे.

गोष्ट, बडबडगीत, कोडी, ओव्या या अक्षराच्या आधी येतात. ओवी म्हणणारी आजी बालवाडीत आठवड्यातून एकदा येऊन बसली, तर त्याला साहित्यच समजावं.

आठवी पायरी : अक्षर आणि अंक

हात तयार झाला, शब्द भरपूर झाले, की अक्षर सोपं जातं. आधी आवाजाचा खेळ : "मी बघते ती वस्तू 'म'नं सुरू होते." मूल शोधतं : मका, माठ, माती. 'म' हा आवाज शब्दातून सुटा ऐकू येऊ लागला की मगच त्याचा आकार द्यावा.

पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवावीत. मूल तर्जनी आणि मधल्या बोटानं त्यांच्यावरून फिरतं आणि आवाज म्हणतं. डोळा, कान आणि बोट तिन्ही एकदम. बोट ज्या दिशेनं अक्षर लिहितात त्याच दिशेनं फिरावं, शिरोरेषा शेवटी. मग ताटात बारीक वाळू पसरून त्यात, मग जमिनीवर खडूनं मोठं, मग पाटीवर. कागद सर्वांत शेवटी.

क्रम 'क ख ग घ'चाच हवा असं नाही. जुन्या शिक्षकांनी आकारात सारखी असणारी 'ग म भ न' ही अक्षरं आधी घेतली, ती उगाच नव्हे. चार अक्षरांतच नग, मग, गगन असे शब्द तयार होतात आणि मुलाला लगेच वाचल्याचा आनंद मिळतो.

अंकांचंही तसंच. शंभरापर्यंत म्हणता येणं आणि पाच चिंचोके उचलून देता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. पाठांतर आधी आलं की पालक खूश होतात, पण मूल "तीन" म्हणताना दोन वस्तूंवर बोट ठेवून जातं. म्हणून दहा कामट्या कराव्यात, १० सेंटिमीटरपासून १०० सेंटिमीटरपर्यंत, प्रत्येकीवर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-निळे पट्टे. 'सात' म्हणजे काय ते मग हातात धरून कळतं.

त्यानंतर दहा खणांची पेटी. खणांवर ० ते ९ अंक, आणि बरोबर ४५ काड्या. मूल प्रत्येक खणात तेवढ्या काड्या टाकतं. कुठे चूक झाली तर शेवटच्या खणाला काड्या कमी पडतात किंवा हातात उरतात. पहिला खण रिकामाच राहतो. शून्य म्हणजे काय हे त्या खणाकडे बघून जितकं कळतं, तितकं सांगून कळत नाही.

नववी पायरी : मुलाच्या प्रश्नामागे बाहेर जावं

मूल विचारतं : "केळीचं बी कुठे असतं?" आपण लगेच उत्तर देऊन टाकतो आणि प्रश्न संपतो. उत्तर द्यायच्या आधी केळं कापून द्यावं. मध्ये बारीक काळे ठिपके दिसतात. ते पेरून बघावेत का? बघावेत. कुंडीत घालावेत, पाणी घालावं, रोज बघावं. काही उगवत नाही. मग आपल्या तालुक्यात केळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या कजगावच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या बागेत जावं. शेतकरीदादा बुंध्याशी फुटलेलं पील दाखवतात, आणि हल्ली टिश्यू कल्चरची रोपंही लावतात हे सांगतात. परत आल्यावर मुलं पील मातीत करतात, चित्रात काढतात, पानांची लांबी कामट्यांनी मोजतात. या एका प्रश्नात निरीक्षण, मोजणी, भाषा आणि धीर सगळं आलं.

पोळ्याला मातीचे बैल, आखाजीला झोका आणि गाणी, कापूस वेचणीच्या दिवसांत बोंड उलगडून बघणं. विषय बाहेरून आणावे लागत नाहीत. नदीकाठी जाताना मात्र चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

चूक होते ती ठरवून ठेवलेल्या 'उपक्रमा'त. सगळ्या मुलांनी एकसारखा बैल करायचा, शिंगं ताईंनी लावून द्यायची, फोटो काढायचा. असा बैल ताईंचा असतो. मुलाच्या बैलाला तीन पाय असले तरी चालतील. चौथा का हवा, हे बैल पडल्यावर त्याला कळतं.

दहावी पायरी : नोंद ठेवावी, पालकांना दाखवावी

वही भरली नाही तर पालकांना दाखवायचं काय, हा प्रश्न खरा आहे. प्रत्येक मुलाची एक फाइल करावी. महिन्यातून दोन तारीखवार नोंदी, एक चित्र, एखादं वाक्य मुलाच्याच शब्दांत. जूनमधलं आणि डिसेंबरमधलं चित्र शेजारी ठेवलं की वाढ दिसते. तुलना त्या मुलाची त्याच्याशीच, शेजारच्याशी नाही.

पालकांना भाषण देऊ नये. महिन्यातून एका सकाळी दोन-तीन जणांना बोलवावं, मागे बसवावं आणि अर्धा तास फक्त बघायला सांगावं. नंतर त्यांच्या हातात चिमटीनं दाणे उचलायचं काम द्यावं. पाच मिनिटांत बोटं अवघडली की लिहिण्याच्या तयारीबद्दल वेगळं समजावावं लागत नाही. आजोबा-आजींना विसरू नये. घरी मुलाला भरवणारे आणि बूट घालून देणारे हात बहुधा त्यांचेच असतात.

पहिलीची भीतीही बोलून घ्यावी. नव्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. त्यात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी येतात. म्हणजे पहिलीत येणारं मूल लिहितं-वाचतं आलंच पाहिजे, असं धोरणही म्हणत नाही. स्वतःची चप्पल घालणारं, आपलं म्हणणं सांगणारं, दहापर्यंत वस्तू मोजणारं आणि एका कामाला वीस मिनिटं धरून राहणारं मूल पहिलीत मागे पडत नाही.

सुरुवात कुठून करावी

सगळ्या पायऱ्या एकदम चढायला गेलं तर दोन आठवड्यांत दमछाक होते आणि फळ्यापुढे परत उभं राहावंसं वाटतं. पहिल्या महिन्यात एवढंच करावं : विटांवर एक फळी, तिच्यावर सहा कामं, सकाळचा राखलेला एक तास आणि निरीक्षणाची एक वही. घरी असाल तर स्वयंपाकघरातला सर्वांत खालचा कप्पा मुलाला द्यावा आणि त्यात त्याची वाटी, तांब्या, फडकं ठेवावं. दुसऱ्या महिन्यात वही उघडून बघावं की कोणतं काम सर्वांत जास्त वेळा उचललं गेलं. पुढचं साहित्य कोणतं करायचं ते त्या पानावरूनच ठरवावं.